हयातीच्या अटीवर

३ मार्च

आधी कबुली. ही वही ताईनं मला दिली त्याला वर्ष उलटून गेलं आणि आजवर मी तिचा एकच उपयोग केला, खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचायला. ताई म्हणाली होती, रोज चार ओळी खरडत जा रे, म्हणजे तू काय काय सुरू करतोस आणि काय काय अर्धवट टाकतोस ते तुझं तुलाच दिसेल. मी म्हटलं, उद्यापासून. मग तंबू भाड्यानं देणाऱ्या कंपनीत लागलो, तेव्हा ठरवलं की इथून सुटलो की लिहीन. बोटीवर भांडी घासायला गेलो, तेव्हा ठरवलं की जमिनीला पाय लागले की लिहीन. आता पाय नुसते जमिनीला नाही, माझ्या स्वतःच्या फरशीला लागलेत. आज मी घरमालक झालो!

फरशी काळी-पांढरी आहे, कोपऱ्यात तडकलेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तळाला चष्म्याचं दुकान. पुढच्या दोन खोल्या माझ्या. त्यातल्या एकीत भिंतीवर जुन्या घड्याळाची गोल खूण आहे, ती बघत मी बराच वेळ घालवला. इथं कोणाला कशाची घाई असेल, वगैरे. असो. मुद्दा मागच्या खोलीचा.

हे घर मला निम्म्याहून कमी भावात मिळालं ते त्या खोलीमुळे. तिथं घराची जुनी मालकीण राहते. तिनं घर विकलं, पण स्वतःच्या हयातीपर्यंत मागच्या खोलीत राहायचा हक्क ठेवून. ती असेपर्यंत खोली तिची, नंतर माझी. अशी घरं विकत घेणं हा गुंतवणुकीतला एक प्रकारच आहे हे मला बसस्टँडवर वेळ जात नव्हता तेव्हा एका व्हिडिओतून कळलं. शाळेत मला कुठलंच गणित आलं नाही, पण हे एका झटक्यात डोक्यात बसलं.

दलाल दोन फोनवाला, दोन्हींवर एकाच वेळी बोलणारा. तो म्हणाला, नवशिक्याला यापेक्षा चांगलं काही नाही, फक्त दोन गोष्टी बघायच्या, बाईंचं वय आणि जिना. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, आणि हो, तिच्याशी ओळख वाढवू नका. नमस्कार-चमत्कारापुरतं ठीक. नवे लोक इथंच मार खातात, राव.

ताईनं साठवलेलं सगळं यात आहे. तिची भाड्याची खोली तळघरात, भिंतीला हात लावला तर ओला होतो, छाती कायम भरलेली. तिला मी सांगितलंय की मागच्या खोलीला बाल्कनी आहे, दुपारभर ऊन येतं, ती तुझी. ताई फोनवर हसली. म्हणाली, चिमण्या, आधी त्या बाईंना सुखानं राहू दे.

५ मार्च

ओळख वाढली. काय करणार, भिंत एकच आहे.

सकाळी मी दाढी करत होतो तर मधल्या दारावर टकटक झालं आणि पलीकडून आवाज आला, मालक, लाइन चालू आहे हं! मला काही कळेना. दार उघडलं तर एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई हातात चहाचा कप घेऊन उभी. म्हणाली, रोज कानोसा घ्यायचा त्रास नको, मीच सकाळी कळवत जाईन.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र हसू आवरत नव्हतं. म्हणाली, लाजतोस काय, मी जाण्यावरच तर तुझा धंदा आहे, त्यात लपवायचं काय?

ती टेलिफोन ऑपरेटर होती. हातानं तारा जोडायच्या काळापासून. शहरातल्या निम्म्या लोकांचे आवाज तिच्या कानात अजून आहेत, आणि ती ते काढून दाखवते. एक भांडखोर वकील, एक बायकोला चोरून फोन करणारा, म्हणजे स्वतःच्याच बायकोला, सासू जागी असायची म्हणून. मी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. तिच्या खोलीला जिन्यावर उघडणारं वेगळं दार आहे, ते ती नुसतं लोटून ठेवते. मी म्हटलं, चोर येईल. ती म्हणाली, आला तर तुझ्याकडे पाठवीन, मालक म्हणून.

११ मार्च

आज खिडक्या रंगवायच्या होत्या. एक रंगवली. मग ऑपरेटरबाईंनी चहाला हाक मारली आणि दुपार गेली.

मी तिला बोटीबद्दल सांगितलं, ताईबद्दल सांगितलं. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं, ती मला अजून चिमण्या म्हणते, आणि चिडली की चिमणराव. बाईंनी दोन्ही नावं म्हणून बघितली. मी म्हटलं, तसं नाही, ताई शेवटचं अक्षर जरा ओढते. तिनं पुन्हा म्हटलं. मी शहारलो. ताईला ती कधी भेटलेली नाही, आवाजही ऐकलेला नाही, नुसतं माझ्या सांगण्यावरून. म्हणाली, माणूस आपल्या माणसाची नक्कल करतो तेव्हा त्याला स्वतःला कळत नाही किती चांगली करतो ते.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तिची टकटक झाली की मला बरं वाटतं. आणि बरं वाटल्यावर लगेच, अगदी लागलीच, वाईट वाटतं. ते वाईट कशाचं आहे ते मी नीट बघत नाही.

ताईचा खोकला वाढलाय.

१९ मार्च

दलाल आला होता. माझ्याशी पुढच्या खोलीत बसला आणि आवाज उतरवून विचारलं, मागची बाजू काय म्हणते? तो तिला मागची बाजू म्हणतो. मी म्हटलं, ठणठणीत. तर म्हणाला, अरे देवा, आमच्या एका गिऱ्हाइकाची मागची बाजू एवढी चिवट निघाली की गिऱ्हाईकच आधी गेलं. तो हसला. मीही हसलो. हसायचं कारण नव्हतं, पण तो हसला म्हणून.

तो गेल्यावर भिंतीपलीकडून दलालाचा आवाज आला. शब्द न् शब्द. अरे देवासकट. मी म्हटलं, बाई, कमाल आहे तुमची. त्यावर तिनं शेवटची नक्कल केली. माझं हसणं.

हुबेहूब. मी असा हसतो हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिनं चहाला बोलावलं नाही. मी दारापर्यंत जाऊन परत आलो. काय म्हणणार होतो?

२६ मार्च

आज काही लिहीत नाही.

२८ मार्च

ऑपरेटरबाई गेल्या. मंगळवारी दुपारी. डॉक्टर म्हणाले हृदय. मी बाहेर गेलो होतो, आलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यांची भाची आली, एक पेटी घेऊन गेली. जाताना माझे हात हातात घेतले. म्हणाली, मावशी फोनवर नेहमी तुमचं सांगायची, म्हणायची शेवटी शेवटी भिंतीला लागून एक चांगला मुलगा मिळाला. मी मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिलो बहुतेक, कारण तिनं मला पाणी आणून दिलं.

दलालानं अभिनंदन केलं.

२ एप्रिल

मी बाहेर गेलो नव्हतो.

हे कोणाला तरी सांगायला हवं आणि ताईला सांगायची छाती नाही. मी घरात होतो. टेबलाशी बसून मागच्या खोलीचा नकाशा काढत होतो. ताईची खाट कुठे, तिच्या डोक्याशी ऊन येईल का, कपाट कुठल्या भिंतीला. पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून टोक काढायला घेतलं, तेवढ्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग हाक. मालक. मग, ओ मालक. नेहमीसारखी, थट्टेतली. मी म्हटलं बल्ब लावायला बोलावत असेल. पण मी स्वतःशी खोटं बोलत होतो हे मला तेव्हाही कळत होतं. कारण मग तिनं थट्टा सोडली आणि म्हणाली, अरे मुला, ये ना.

मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. टोक आलं तरी काढत बसलो. पेन्सिल संपत आली, बोटांना पातं लागायला लागलं. मी बहिरा नाही. मला सगळं ऐकू येत होतं. मी तिचं वाईट चिंतलं नाही, काहीच चिंतलं नाही, फक्त उठलो नाही.

शांत झालं तेव्हा गेलो. ती बाल्कनीच्या दाराशी पडली होती, गाल फरशीवर, तोंड मधल्या दाराकडे. डोळे उघडे. मला बघून म्हणाली, लाइन लागत नव्हती वाटतं. रागानं नाही. उलट माझीच समजूत काढावी तशी.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, घरात कोणी असतं तर कदाचित. मी म्हटलं, मी बाहेर होतो. तिथं खालचा चष्मेवालाही आला होता. जिना त्याच्या दुकानासमोरून जातो. त्याला माहीत आहे कोण उतरलं आणि कोण नाही. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

६ एप्रिल

घर विकायचं. ठरलं. ताईला फोनवर सांगितलं तर चिडली, चिमणराव म्हणाली. वेडा आहेस का, एवढं उन्हाचं घर, मी येते की राहायला. मी म्हटलं, आता नको, रंगाचा वास आहे, तुझ्या छातीला सोसायचा नाही.  ती म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय?

९ एप्रिल

पहिलं गिऱ्हाईक. तरुण नवरा-बायको. नवरा माझ्याबरोबर नळ सोडून बघत होता, बायको मागची खोली बघायला गेली ती येईचना. आली ती हसत. म्हणाली, किती गोड आहेत हो बाई. पण आम्हाला रिकामं घर हवंय.

मी म्हटलं, कोण बाई?

तिला वाटलं मी गंमत करतोय.

ती दोघं गेल्यावर मी खोलीत गेलो. रिकामी. ऊन. खुर्चीही नाही, भाचीनं बाकीचं सगळं देऊन टाकलं. मी तिथं उभा राहून मोठ्यानं माफी मागितली. रिकाम्या खोलीला. मूर्खासारखं वाटलं, आणि मूर्खासारखं वाटल्याचं बरं वाटलं.

१२ एप्रिल

दुसरं गिऱ्हाईक. मापं घ्यायची फीत घेऊन आलेला, कमी बोलणारा माणूस. मी मुद्दाम त्याच्याबरोबर मागे गेलो नाही. भिंतीतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं, दुसरं कोणाचंच नाही. तो बोलायचा, थांबायचा, हसायचा. बाहेर येऊन म्हणाला, अशी अडकलेली मालमत्ता मी घेत नाही, पण तुमच्यावर बाईंचा जीव आहे. चांगला मुलगा आहे म्हणाल्या. फक्त हाक मारली की जरा उशिरा येतो.

संध्याकाळी दलालाचा फोन. ओरडत होता. मेली म्हणून सांगता आणि बाई उन्हात बसलीय, माझी अब्रू घालवता काय. मी म्हटलं, तुम्ही स्वतः या आणि बघा. तो आला, मागे गेला, आणि लगेच परत आला. दोन्ही फोन वाजत होते, त्यानं एकही उचलला नाही. म्हणाला, ती माझ्या आवाजात बोलली. अरे देवा म्हणाली.

तो जिन्यावरून धावत गेला.

१४ एप्रिल

सकाळी मधल्या दारावर टकटक.

लाइन चालू आहे हं.

मला ती कधीच दिसत नाही. सगळ्यांना दिसते, मला नाही. मी उघडतो तेव्हा नुसतं ऊन.

१५ एप्रिल

आज दुपारी हाक आली, चिमण्या. शेवटचं अक्षर ओढून. ताई. मी जेवण टाकून पळालो, दार उघडलं, कोणी नाही. ताईला फोन लावला. ती घरी, अंथरुणात, खोकत. काय झालं रे, धापा का टाकतोस? मी म्हटलं, काही नाही, सहज.

मला आधीच्या हाका चालतील. मालक म्हणा, मुला म्हणा. ताईच्या आवाजात नको. बाई, तेवढं नको.

मी तेवढं मोठ्यानं म्हटलं. पलीकडून ताईच्या आवाजात उत्तर आलं, ये ना मग.

१६ एप्रिल

गेलो. दिवसभर जात होतो. प्रत्येक हाकेला. तिला तेच हवं असेल म्हणून, मी येतो हे तिनं बघावं म्हणून. दार उघडायचो — कोणी नाही. परत येऊन बसायचो — चिमण्या. पुन्हा. पुन्हा. पाय भरून आले. ती दमत नाही.

असं आयुष्यभर करायचं का? कोणाच्या आयुष्यभर?

१७ एप्रिल

मधल्या दाराला कपाट लावलं. लोखंडी, एकट्यानं ढकललं, काळी-पांढरी फरशी पार ओरबाडली गेली. कानात कापूस. आता जाणार नाही. कुठल्याही आवाजाला नाही. माफी मागून झाली, जाऊन झालं, आता फक्त हेच उरलंय — न जाणं. तसाही मी त्यातच —

ताईचा फोन आला होता. म्हणाली, मी येऊन बघते तुला. मी ओरडलो तिच्यावर. जन्मात पहिल्यांदा. येऊ नकोस म्हटलं, अजिबात येऊ नकोस. तिनं बरं म्हणून ठेवला.

१८ एप्रिल

दुपार. सुरू झालं.

आज वेगळंच. आधी धाप, जिना चढून आल्यासारखी. पिशवी टेकवल्याचा आवाज. मग ताईचा आवाज — अय्या, केवढं हे ऊन.

मला रडू आलं. ताई अगदी असंच म्हणाली असती. कापूस आणखी आत घातला.

चिमण्या, कुठायस रे.

नाही. उठणार नाही. मागच्या वेळी फोन केला तर ती घरीच होती. पुन्हा फसायचं नाही. लिहीत राहायचं, लिहीत राहिलं की —

आता म्हणतेय, अगंबाई, तुम्ही कोण? कोणाशी बोलतेय? दोन्ही बाजू तीच करते आता. वकील आणि त्याचा अशील करायची तशी.

काहीतरी पडलं. जोरात.

खोकला. किती खरा. ताईला हसताना उसळी येते तसला, पण हसू नाही त्यात.

चिमण्या. चिमण्या, श्वास —

मी टेबल धरून बसलोय. उठणार नाही. बाई, मी उठणार नाही. भिंतीवर हात आपटतेय. खालच्या बाजूला. जमिनीलगत.

ये ना रे.

मी बहिरा नाही. पण नाही.

थांबलं.

खरंच थांबलं. कापूस काढून ऐकलं. काही नाही. इतके दिवस जमलं नाही ते आज जमलं. ती गेली असेल. मी हललो नाही आणि ती दमली. ताईला संध्याकाळी फोन करीन, माफी मागीन, ये म्हणीन —

पुढच्या दारावर कोणीतरी.

चष्मेवाला होता. हातात पिशवी. म्हणाला, ही खालीच राहिली, दोन्ही घेऊन जिना चढवेना त्यांना, मी म्हटलं मी आणतो मागून, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं. मी म्हटलं, कोणाला? तो म्हणाला, असं काय करता, तुमच्या ताईंना. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या, चकित करायचं होतं. मागचं दार उघडंच असावं, आतून कोणी तरी या या म्हणालं ते जिन्यातून खालपर्यंत ऐकू आलं, मला वाटलं तुम्हीच. तुमचाच तर आवाज होता.

तो कपाटाकडे बघतोय. मला विचारतोय, ताई कुठे आहेत.

ताई आली आहे. ताई मघाशीच आली आहे आणि मी इतका वेळ इथं बसून —